ढालीच्या लगतचा चौकोन

लढवय्याचे पात्र तयार करताना त्याचे बळ, चपळाई, वय आणि स्वभाव हे सगळे ठरवून झाले, तरी एक प्रश्न उरतो: हा माणूस लढणार कसा? ज्या खेळाविषयी मी लिहीत आहे त्यात या प्रश्नाचे उत्तर सुरुवातीलाच द्यावे लागते. पात्राच्या कागदावर त्यासाठी एक ओळ राखून ठेवलेली असते. इतरांनी ती पेनाने भरली. मी पेन्सिलीने भरली. तीस वर्षांहून अधिक काळ पहिली ते चौथीच्या वर्गांना शिकवल्यावर, आधी पेन्सिलीने लिहायचे आणि खात्री झाली की गिरवायचे, ही सवय हाडात मुरलेली असते.

खेळ माहीत नसणाऱ्यांसाठी थोडे सांगते. तो टेबलाभोवती बसून, बोलून खेळायचा असतो. एक जण प्रसंग सांगतो. त्याला आम्ही सूत्रधार म्हणत असू. बाकीच्यांकडे एकेक पात्र असते, आणि आपले पात्र आता काय करील ते प्रत्येकाने सांगायचे. ते साधले की फसले हे वीस बाजूंच्या फाशावर ठरते. मोठा अंक चांगला. लढाई सुरू झाली की चौकोन आखलेल्या कागदावर पात्रांच्या खुणा ठेवतात, म्हणजे कोण कोणाच्या किती जवळ आहे ते दिसते. एवढे पुरे.

आमची शाळा ताम्हिणीकडच्या एका वाडीवर आहे. दोन खोल्या, दोन शिक्षिका. तिसरी-चौथी माझ्याकडे होती, पहिली-दुसरी माझ्या सहकारी बाईंकडे. मुले मला मोठ्या बाई म्हणत आणि तिला धाकट्या बाई. पुढे सगळी वाडी तसेच म्हणू लागली आणि आम्हीही एकमेकींना त्याच नावांनी हाक मारू लागलो. ती माझ्याहून वीस वर्षांनी लहान. नवरा पिरंगुटच्या कारखान्यात, मुलगी बालवाडीत, घर पौडला. मी भरे गावची. सकाळची एस.टी. भऱ्याजवळच्या फाट्यावर मला घेई, पौडला ती चढे, आणि तिच्यासाठी मी खिडकीकडची जागा धरून ठेवलेली असे. 

शनिवारी शाळा सकाळची. अकराला मुले जात आणि परतीची गाडी दोनला. मधले तीन तास आम्ही रस्त्यावरच्या ढाब्यात बसत असू. पावसाळ्यात दुसरीकडे बसायला कोरडी जागाच नसे. ढाब्याच्या मालकांची मुलगी कधी काळी माझ्याच वर्गात होती. आता ती हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी करते आणि शनिवार-रविवार घरी असते. एका शनिवारी तिने भजीच्या बशीशेजारी एक जाड पुस्तक आणि फाशांची पिशवी आणून ठेवली.

"बाई, तीन तास पेपर तपासायचे की एक गोष्ट खेळायची?"

"गोष्ट सांगतात," मी म्हणाले.

"ही खेळतात. सिंपल आहे, बाई. मी शिकवते."

माझ्याच विद्यार्थिनीने मला शिकवायला बसावे याची मला गंमत वाटली. धाकट्या बाईंनी तर विचारही केला नाही. पेपरांचा गठ्ठा पिशवीत घातला आणि पदर खोचला. सूत्रधार ती स्वतःच होणार होती. चौथा गडी हवा होता म्हणून मुलीने गल्ल्यावरून वडिलांना ओढून आणले. ते आधी नको नको म्हणाले आणि मग सगळ्यांत पुढची खुर्ची त्यांनीच घेतली.

पुस्तक इंग्रजीत होते. पुढच्या शनिवारपर्यंत मी लढण्याच्या शैलींचे पान घरी नेऊन मराठीत उतरवले आणि दोनशे पानी वहीच्या मधल्या जोडपानावर त्याचा तक्ता आखला. समास, रकाने, लाल शाईने मथळे. तो तक्ता अजून माझ्याकडे आहे. त्यात सहा शैली आहेत, आणि त्या एकाच माणसाच्या सहा युक्त्या नव्हेत, सहा वेगवेगळी माणसे आहेत, हे मला लिहिता लिहिता कळले.

तिरंदाज शत्रूपासून दूर राहतो आणि त्याचा नेम इतरांपेक्षा अधिक लागतो. एकहाती लढणारा एकच तलवार घेतो, पण तिच्यावर त्याची पूर्ण हुकमत असते, म्हणून त्याचा घाव खोल जातो. दोन्ही हातांनी पेलायचे अवजड शस्त्र घेणाऱ्याला एक सवलत आहे: घाव मोजताना फाशावर एक किंवा दोन पडले तर तो फासा पुन्हा टाकता येतो. ज्याला स्वतःला वाचवायचे असते तो आपले चिलखत अधिक पक्के करतो. दोन्ही हातांत दोन शस्त्रे घेणाऱ्याला ढाल धरता येत नाही. त्याचा दुसरा वारही पहिल्याइतकाच जोरकस असतो, पण अंग उघडे राहते.

सहाव्या शैलीला मी राखण हे नाव दिले. रानात पिकाची राखण करतात, ती. या शैलीमुळे स्वतःला काहीच मिळत नाही. शत्रू आपल्या सोबत्यावर वार करत असेल तर आपण ढाल आडवी घालायची. मग शत्रूला फासा दोनदा टाकावा लागतो आणि त्यातला लहान अंक धरावा लागतो. याला तीन अटी आहेत. शत्रू आपल्याला दिसत असला पाहिजे. हातात ढाल असली पाहिजे. आणि सोबती आपल्या लगतच्या चौकोनात असला पाहिजे. एका चौकोनाचे अंतर पडले तरी चालत नाही. शिवाय फासा पडण्याआधी सांगावे लागते. अंक दिसल्यावर ढाल घालता येत नाही.

ही शेवटची ओळ मी तक्त्यात लाल शाईने अधोरेखित केली होती.

शैली निवडायच्या दिवशी मालकांनी तक्ता डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचला.

"मी लांबनंच मारनार," ते म्हणाले. "जवळ जाऊन कोन मरंल? आपल्याला हाटेल चालवायचं हाय."

"आप्पा, खेळात मेलात तर हॉटेल बंद नाही पडणार," मुलगी म्हणाली.

"तुला काय ठावं? तुझी आय खेळातलं मरान बी मनावर घेती."

धाकट्या बाईंनी तक्त्यावर बोट फिरवले आणि दोन शस्त्रांपाशी थांबवले. "मला ही. दोन्ही हातांत तलवार."

"अंग उघडं राहील तुमचं," मी म्हणाले.

"मग तुम्ही कशाला आहात?" ती हसत म्हणाली.

मी त्या वेळी काहीच निवडले नव्हते. खरे तर माझे मन चिलखत पक्के करण्याकडे होते. माझ्या स्वभावाला ते शोभलेही असते. पण तिने ते सहज म्हटले, आणि मी पेन्सिल उचलून राखण असे लिहिले.

आमच्या खुणा साध्या होत्या. मालकांचा चिंचोका, माझे सोड्याच्या बाटलीचे बूच, आणि धाकट्या बाईंचा लाल खडूचा तुकडा. आमच्याकडे पावसात खडू सर्द होतात. तिचा लढवय्या टेबलावर जाईल तिथे गुलाबी डाग ठेवत असे. शत्रू म्हणून भुईमुगाच्या शेंगा. जो शत्रू मरेल तो मारणाऱ्याने सोलून खायचा, असा नियम मालकांनी केला. तिरंदाज असल्याने बहुतेक शेंगा त्यांच्याच पोटात जात. "लई ग्वाड हुता हा राक्षस," असे ते प्रत्येक वेळी म्हणत.

आमच्या टेबलावर एक रीत पडली, ती मात्र माझी. सुरुवातीला मी दर वेळी सबंध वाक्य म्हणत असे: माझ्या लगतच्या सोबत्यावर वार होत असल्यामुळे मी ढाल आडवी घालत आहे. वाक्य पूर्ण होण्याआधी फासा पडून गेलेला असे, आणि मग तो धरायचा की नाही यावर वाद. तेव्हा असे ठरले की मी नुसता डावा तळहात टेबलावर उभा धरायचा. तळहात उभा राहिला की सूत्रधार थांबे आणि मुकाट दुसरा फासा उचले. वर्गात गोंगाट थांबवायला मी हात असाच धरते, त्यामुळे तो आपोआप उठे. काही शनिवारांनंतर धाकट्या बाईंनी शत्रूकडे पाहणेच सोडून दिले. ती माझ्या हाताकडे बघून पुढे जात असे.

शाळेत एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी तिला पहिलीच्या वाचन-नोंदी मागितल्या. त्या अपुऱ्या होत्या. मुलगी तापाने आजारी असल्यामुळे ती आठवडाभर घरी नेऊनही त्या भरू शकली नव्हती. तिचा चेहरा उतरला. माझा डावा हात टेबलावर उभा राहिला. "त्या माझ्याकडे होत्या, साहेब," मी म्हणाले. "तपासायला घेतल्या होत्या. सोमवारी देते." साहेब पुढच्या रजिस्टराकडे वळले. धाकट्या बाईंनी माझ्या उभ्या तळहाताकडे पाहिले, आणि हसू आवरण्यासाठी तिला खिडकीपाशी जाऊन पावसाची चौकशी करावी लागली.

मी खोटे बोलले हे मला मान्य आहे. पण पुष्कळ वर्षांत शाळेतला एखादा दिवस मला इतका हलका वाटला नव्हता.

त्या वर्षी वाडीवरची काही कुटुंबे कामासाठी घोटावड्याकडे गेली. तिकडे कारखाने आहेत, रोजचे काम मिळते, खोली मिळते. आईबापांबरोबर मुलेही गेली आणि आमचा पट घसरला. पट एका मर्यादेखाली गेला की दोन शिक्षकांपैकी एक अतिरिक्त ठरतो. हे आम्हा दोघींना माहीत होते. हजेरी घेताना रिकाम्या राहिलेल्या नावांपाशी आम्ही जरा जास्त थांबत होतो, पण बोलत नव्हतो.

एका शुक्रवारी केंद्रप्रमुख आले. तालुक्यात जागा नाही, म्हणाले. जागा आहे ती इंदापुराकडे. नियमाप्रमाणे दोघींत जिची सेवा कमी ती जाईल. मग माझ्याकडे न पाहता, कागद चाळत त्यांनी पुढचे वाक्य उच्चारले: "ज्येष्ठ शिक्षक स्वतःहून जायला तयार असेल तर तसा अर्ज घेता येतो. सोमवारपर्यंत."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. ढाब्यात आमची लढाई एका पुलावर आली होती. पूल अरुंद, दोन चौकोन रुंदीचा. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर मीच तो पट्टीने आखला होता. पलीकडून शेंगांची रांग येत होती. धाकट्या बाईंचा खडू माझ्या बुचाच्या डावीकडे आणि चिंचोका नेहमीप्रमाणे मागे, पुलाच्या तोंडाशी. त्या दिवशी मी पाच वेळा तळहात उभा केला आणि पाचही वेळा वार चुकला. दोनची गाडी आली तेव्हा लढाई अर्ध्यावर होती. सूत्रधार म्हणाली, पुढच्या शनिवारी संपवू. उठण्याआधी मी प्रत्येक खुणेभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढून ठेवले, म्हणजे जागा चुकणार नाही.

त्या संध्याकाळी घरी मी अर्ज लिहिला. सुवाच्य अक्षरात, विषय आणि संदर्भासह. मी ज्येष्ठ असून स्वेच्छेने समायोजनास तयार आहे. खाली सही केली, आणि तो वहीत, त्या जोडपानावरच्या तक्त्यात ठेवला. रविवारी मी तो तीन वेळा काढून वाचला. मला निवृत्तीला दोन वर्षे होती. उजवा गुडघा जिना चढताना धरतो. भऱ्याचे घर बंद ठेवावे लागले असते. ही कारणे खरी होती. तिची कारणेही मला ठाऊक होती: लहान मुलगी, पिरंगुटला नवरा, शिफ्टची नोकरी. मी कागदावर दोन रकाने आखून कारणे समोरासमोर लिहिली नाहीत. आखले असते तर काय दिसले असते, हे मला आखण्याआधीच दिसत होते.

सोमवारी केंद्रप्रमुख आमच्या टेबलासमोर बसले होते. ती माझ्या डावीकडे. माझी पिशवी मांडीवर, पिशवीत वही, वहीत अर्ज, आणि पिशवीवर माझा डावा हात.

"कुणाचा अर्ज वगैरे आहे का?" त्यांनी विचारले.

ते थांबले. किती वेळ थांबले? सूत्रधार फासा मुठीत घेऊन जेवढा वेळ थांबत असे, तेवढाच. तीनही अटी पूर्ण होत्या. मला दिसत होते. माझ्याकडे ढाल होती. ती लगतच्या खुर्चीवर होती. मी हात उचलला नाही.

"नाही," धाकट्या बाई म्हणाल्या. दोघींच्या वतीने म्हणाल्या, असे मला वाटले.

बदलीचा आदेश त्याच आठवड्यात आला. शुक्रवारी, तिच्या शेवटच्या दिवशी, मुलांनी तिला रानातली फुले आणि कोण जाणे कुठून आणलेला एक फणस दिला. मी तिला शैलींचा तक्ता माझ्या हाताने पुन्हा लिहून दिला. दुसरे काय द्यावे हे मला सुचेना. ढाब्यापाशी गाडीची वाट पाहताना तिने आत जाऊन कॅलेंडरवरचा आपला लाल खडू उचलला आणि पर्समध्ये टाकला. "तिकडे कोरडा राहील," म्हणाली. कागदावर पेन्सिलीचे वर्तुळ आणि एक गुलाबी डाग राहिला.

शाळा एकशिक्षकी झाली. चारही वर्ग एका खोलीत बसू लागले. पहिलीला बाराखडी देऊन चौथीला भागाकार समजावायचा आणि तोवर दुसरी काय करते त्याकडे एक कान ठेवायचा, हे काम अवघड आहे, पण शिकता येते. शिकता येत नाही ते वेगळेच. मधल्या सुट्टीत मी दोन कपांत चहा ओतत असे. सकाळी एस.टी.त खिडकीकडची जागा धरून बसे, आणि पौडला कोणी अनोळखी माणसाने "इथं कोणी आहे का?" असे विचारले की मला उत्तर द्यायला वेळ लागे. फळ्यावर लिहिताना पलीकडच्या खोलीतून एका सुरात पाढे ऐकू यायचे, त्या सुरावर माझा खडू चालायचा, हे पाढे थांबल्यावर कळले.

काही शनिवार आम्ही खेळलो नाही. मग मालकांनीच विषय काढला.

"मोठ्या बाई, त्या पुलावर किती दिस हुबं ऱ्हायाचं? शेंगांना मोड आलं."

सूत्रधाराने उपाय शोधून ठेवला होता. धाकट्या बाईंचे पात्र जखमी होऊन मागे गेले, असे समजायचे. दोघांनी पूल जिंकणे अवघड, म्हणून तिने आम्हाला एकेक पायरी वर चढवले. नवी पायरी चढली की लढवय्याला एकदा आपली शैली बदलता येते, हा नियम पुस्तकातच आहे. तिने पान उघडून माझ्यापुढे ठेवले.

"बाई, राखण आता वेस्ट आहे. तुमच्या लगत कुणीच नाही. आप्पा तर मागे पळतात. तुम्ही मोठं शस्त्र घ्या, दोन्ही हातांचं. लॉजिकली तेच बरोबर आहे."

"पळत न्हाई, लांब ऱ्हातुया," मालक म्हणाले. "फरक हाय त्यात."

तिचे गणित बिनचूक होते. मीच तिला गणित शिकवले होते. मी म्हणाले, पुढच्या शनिवारी सांगते. मालकांनी माझ्याकडे पाहिले आणि न मागता चहा पाठवला.

रविवारी दुपारी मी धाकट्या बाईंना फोन लावला. आमचे फोन होत असत, पण ते मुलांचे, रजांचे आणि तिच्या मुलीच्या दातांचे. या वेळी मी आधी खेळाचे विचारले: पायरी चढले आहे, शैली बदलता येते, काय करू?

"बदला की," ती लगेच म्हणाली. "मी पण बदलली."

"म्हणजे?"

"इथे शाळेतल्या दोघींना घेऊन बसते मी शनिवारी. तुमचा तक्ता भिंतीला लावला आहे. एक नवीनच लागलेली मुलगी आहे, पहिलीच नोकरी. सगळ्यांच्या पुढे पळते आणि मार खाते. मग मी एक तलवार ठेवली आणि ढाल घेतली." ती हसली. "हात पण तुमच्यासारखाच धरते. ती विचारते, हे कुठे शिकलात?"

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण आता ती दोन्ही हात गुंतवून, अंग उघडे टाकून, माझ्या तळहाताकडे पाहत पुढे जाणार नव्हती.

"मला तुम्हाला एक सांगायचं आहे," मी म्हणाले. "त्या सोमवारी माझ्या पिशवीत अर्ज होता. मी जाते, असा. लिहिलेला, सही केलेला. मी तो दिला नाही."

पलीकडे तिची मुलगी काहीतरी मागत होती. तिने तिला थांबायला सांगितले.

"तुमचा गुडघा इथे दोन महिनेही टिकला नसता," मग ती म्हणाली. "बसस्टॉपपासून शाळा किती लांब आहे माहीत आहे? आणि ऊन. तुम्ही धुक्यातल्या बाई."

"ते निराळं."

"हो, निराळं. मी नकोच म्हटलं असतं, मोठ्या बाई. भांडून तुम्हाला तो फाडायला लावला असता. पण विचारायला हवं होतं तुम्ही. एकदा विचारायला हवं होतं."

"हो."

"मी त्या दिवशी तुमच्या हाताकडेच बघत होते."

मी म्हणाले, "चुकलं माझं गं." गं मी तिला कधी म्हटले नव्हते, आम्ही इतकी वर्षे एकमेकींना अहो-जाहोच करत आलो होतो.

तिने नाक ओढले. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मुलीचा पुढचा दात पडला. दिवाळीच्या सुट्टीत आले तर दाखवायला आणते. नक्की सांगत नाही. नवऱ्याच्या शिफ्टवर आहे."

"या," मी म्हणाले. फोन ठेवल्यावर मी वही उघडली. अर्ज त्या जोडपानातच होता. तो फाडावा असे वाटले नाही. घडी घालून तिथेच ठेवला.

शनिवारी सूत्रधाराने कॅलेंडर पसरले. पूल, शेंगा, माझे बूच, मागे चिंचोका. बुचाच्या डावीकडे वर्तुळ आणि फिकट डाग. तिने माझा कागद पुढे केला आणि त्यावर खोडरबर ठेवले.

"काय ठरलं, बाई? दोन्ही हातांचं ना?"

"राखण," मी म्हणाले.

"पण बाई, लॉजिकली…"

"बरोबर आहे तुझं. त्यात काही चूक नाही." वर्गात मी अशा वेळी चुकीचे उत्तर देणाऱ्या मुलाला कारण विचारते. मला कारण सांगता आले नसते, म्हणून बरे झाले तिने विचारले नाही. मी पेन्सिलीने लिहिलेल्या त्या शब्दावरून पेन फिरवले. पहिल्या दिवसापासून ते राहून गेले होते.

मालक टेबलाकडे बघत होते. त्यांनी दोन बोटांनी चिंचोका उचलला, पुलाच्या तोंडाशी एकदा टेकवला, परत उचलला, आणि आणून माझ्या बुचाच्या उजवीकडे ठेवला. धाकट्या बाईंच्या वर्तुळात नव्हे; पलीकडे.

"आप्पा, तुम्ही तिरंदाज आहात. इतक्या जवळ आलात तर नेम चुकतो तुमचा. मला तुमचाही फासा दोनदा टाकायला लावावा लागेल."

"टाकंन की. चुकंल तर चुकंल." त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "पन मोठ्या बाई, हात येळंवर उचला. मला घाबराया हुतंय हितं."

"मी आहे," मी म्हणाले.

"म्हनूनच तर आलो. न्हाईतर हितं काय काम हाय माझं?"

सूत्रधाराने सगळ्यांत मोठी शेंग पुढे सरकवून चिंचोक्याला भिडवली. तिने फासा मुठीत घेतला. बाहेर घाटातून एक ट्रक धुक्यात दिवे लावून खाली उतरत होता, आणि खिडकीची काच थरथरली. तिची मूठ उघडण्याआधी माझा डावा तळहात टेबलावर उभा होता. पहिला फासा सतरा. तिने दुसरा टाकला. सहा.

मालकांनी कपाळ पुसले. "काय वो बाई, ह्ये तुमी दोघी दर शनवारी करत हुता? आनि मी मागं बसून शेंगा खात हुतो."

"तुम्ही खात होता म्हणून आम्ही पुढे जात होतो," मी म्हणाले.

"आता हात खाली घ्या. वार झाला."

मी हात खाली घेतला. लढाई संपायच्या आत दोनची गाडी आली. उठण्याआधी मी नेहमीप्रमाणे पेन्सिल काढली. बुचाभोवती वर्तुळ काढले, चिंचोक्याभोवती काढले. डावीकडचे जुने वर्तुळ हात लागून लागून पुसट झाले होते. तेही मी गिरवून घेतले.